वाहनांचे यार्ड आणि निवासी वस्ती (अमेरिकी झोनिंग)

ट्रक, ट्रेलर, नादुरुस्त मोटारी, बोटी किंवा आरव्ही (चाकांवरची घरे) उघड्या जागेत दीर्घकाळ ठेवण्यावर अमेरिकेतील शहरे आणि काउंट्या (जिल्ह्यासारखे स्थानिक विभाग) निर्बंध घालतात. हे निर्बंध झोनिंगचा, म्हणजे जमिनीच्या वापराचे क्षेत्रवार नियमन करणाऱ्या स्थानिक कायद्याचा भाग असतात. त्यासाठी देशभर लागू असा एक कायदा नाही. जमीनवापर ठरवण्याचा अधिकार राज्यांचा आहे आणि राज्यांनी तो बहुतांशी गावांकडे सोपवला आहे. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे चालणाऱ्या गोष्टीला पलीकडच्या गावात दंड होऊ शकतो.

संपूर्ण शहराला लागू होणारे पहिले झोनिंग न्यूयॉर्कने १९१६ मध्ये केले. पुढे हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना अधिनियम तयार केला. मात्र झोनिंगचा पाया पक्का झाला तो १९२६ च्या युक्लिड खटल्याने. ओहायोमधील क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाने एका जमीन कंपनीच्या ६८ एकरांवर निर्बंध घातले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. योग्य वस्तू अयोग्य जागी असली की तीच उपद्रव ठरते, जसे गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेले डुक्कर, असे न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिले. घरांशेजारच्या ट्रक-यार्डाविरुद्ध होणारा युक्तिवाद आजही मुळात हाच असतो. केवळ विद्रूपता हे नियमनाचे कारण होऊ शकते का, या प्रश्नाला होकार देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या बर्मन खटल्याने मोकळी केली. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने तर आंतरराज्य आणि मुख्य महामार्गांपासून १,००० फुटांच्या आतील भंगार-यार्डे झाकून टाकायला लावली. त्यातून औद्योगिक क्षेत्रातली यार्डे तेवढी वगळली होती.

प्रत्यक्ष नियमांचे दोन थर असतात. पहिला घरमालकासाठी. आरव्ही किंवा बोट घराच्या दर्शनी रेषेच्या मागे ठेवायची, नोंदणी संपलेली किंवा बंद पडलेली गाडी अंगणात उघडी ठेवायची नाही, ठरावीक वजनापेक्षा मोठे व्यावसायिक वाहन रात्री दारात उभे करायचे नाही, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. सार्वजनिक रस्त्यावर एकाच जागी ७२ तासांहून अधिक काळ उभी राहिलेली गाडी उचलून नेण्याची तरतूद स्थानिक नियमाने करायला कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा परवानगी देतो.

दुसरा थर व्यवसायासाठी. यार्ड औद्योगिक क्षेत्रातच हवे किंवा त्यासाठी सशर्त परवाना लागतो. निवासी हद्दीपासून अंतर, आरपार दिसणार नाही अशी भिंत, झाडांची रांग, खाली वळवलेले दिवे, पक्की फरसबंदी आणि वस्तीच्या गल्लीत न उघडणारे फाटक, या नेहमीच्या अटी. या अटींमागे शेजाऱ्यांचा रोजचा अनुभव आहे. शीतपेटीच्या ट्रेलरचे यंत्र रात्रभर घरघरते, ट्रक मागे घेताना पहाटे चारलाही भोंगा वाजतो आणि मातीच्या यार्डात ठिबकलेले तेल पहिल्या पावसात गटारात जाते. मोठ्या डिझेल वाहनांनी ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन नुसते चालू ठेवू नये, असा नियम कॅलिफोर्नियाने केला आहे. काही यार्डमालक जाळीच्या कुंपणात प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून आडोसा केल्याचे सांगतात. त्याने ट्रक जेमतेम झाकला जातो, आवाज मुळीच अडत नाही.

नियम येण्यापूर्वीपासून चालू असलेले यार्ड सहसा लगेच बंद करता येत नाही. अशा जुन्या वापराला ठरावीक मुदत देऊन तो संपवता येतो, हे १९५४ च्या लॉस एंजेलिस विरुद्ध गेज या निकालाने कॅलिफोर्नियात मान्य झाले. ते प्रकरण निवासी भागातल्या प्लंबिंगच्या धंद्याचे होते आणि त्याला ५ वर्षांची मुदत होती.

परवान्याआधी जाहीर सुनावणी होते. कॅलिफोर्नियात ३०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांना किमान १० दिवस आधी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला ती देण्याची सक्ती राज्याच्या कायद्यात नाही. ही उणीव गंभीर आहे. यार्डे बहुधा जिथे येतात त्या जुन्या कामगार वस्त्यांत भाडेकरूच अधिक राहतात आणि धूर त्यांच्याच खिडकीत शिरतो. लॉस एंजेलिस बंदरालगतच्या विल्मिंग्टनमध्ये ट्रक आणि कंटेनरची यार्डे घरांना खेटून आहेत.

नियमाची दुसरी बाजू फ्लोरिडातील कोरल गेबल्सने दाखवली. जॉर्ज मेरिक यांनी १९२० च्या दशकात आखलेल्या या देखण्या उपनगरात निवासी भागात रात्री साधा पिकअप ट्रकही उघड्यावर ठेवायला बंदी होती. एका रहिवाशाने दंडाला आव्हान दिले. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००७ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला, पण २०१० मध्ये पूर्ण पीठाने तो फिरवून बंदी कायम ठेवली. अखेर २०१२ मध्ये मतदारांनीच पिकअपला मोकळीक दिली. सुतार, गवंडी, माळी यांच्यासाठी ही गाडी म्हणजे पोटापाण्याचे साधन. ते नजरेआड ठेवायला लावणे आणि वस्तीचा धूर-गोंगाटापासून बचाव करणे, यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

मालवाहतुकीची निकड नियमांवर सतत दाब आणते. ट्रकचालकाला १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत फार तर ११ तास गाडी चालवता येते. वेळ संपली की थांबावेच लागते आणि जागा नसेल तर ट्रक गल्लीत शिरतो. २००९ मध्ये बंद पेट्रोलपंपावर थांबलेल्या एका चालकाचा खून झाला. त्याच्या नावाचा ‘जेसन्स लॉ’ २०१२ मध्ये आला आणि ट्रकतळांच्या टंचाईची पाहणी बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बंदरे तुंबली तेव्हा रिकामे कंटेनर उतरवायला जागा नसल्याने त्यांच्याखाली ट्रेलर अडकून पडले होते. लाँग बीच शहराच्या नियमानुसार यार्डात दोनच कंटेनर एकावर एक ठेवता येत. मर्यादा मुख्यतः दृश्याच्या कारणाने घातलेली होती. शहराने ती तात्पुरती चारवर आणि सुरक्षेची खातरजमा झाल्यास पाचवर नेली.

ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही. तेथे खरेदीखतातील अटी हे काम करतात आणि महापालिका त्यांची अंमलबजावणीही करू शकते. या अटींना बहुधा मुदत असते. ज्या जुन्या वस्त्यांत ती संपली आणि रहिवाशांना नूतनीकरण जमले नाही, तेथे शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक उभे राहू लागले तर झोनिंगचा आधार घेता येत नाही.