पुदिना (औषधी उपयोग आणि गुणधर्म)

पुदिना ही तुळशीच्याच कुळातली, मेंथा वंशातली वनस्पती. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी पसरते, काडी खोचली तरी लागते. चटणी, पाणीपुरी, ताक यातला वापर सगळ्यांना माहीतच आहे.

नाव फारसीतून आलं असं मानतात. पूतिहा, रोचनी अशी संस्कृत नावं आयुर्वेदाच्या अलीकडच्या पुस्तकांत दिसतात, पण जुन्या संहितांमध्ये याची नक्की ओळख पटत नाही, त्यामुळे ही नावं मागाहून बसवली असावीत हे मत जास्त पटतं.

खरा गोंधळ जातींचा आहे. आपल्या कुंडीतला पुदिना बहुतेक वेळा मेंथा स्पायकाटा असतो, त्याच्या तेलात मुख्यतः कार्व्होन हे वासाचं द्रव्य असतं आणि मेंथॉल, म्हणजे गारवा देणारं द्रव्य, जवळपास नसतंच. पेपरमिंट वेगळं. ते इंग्लंडात हर्टफर्डशायरमध्ये सापडलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यांनी १६९६ मध्ये त्याची नोंद केली, १७५३ मध्ये वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने त्याला स्वतंत्र जात मानलं, पण आता ते पाणपुदिना (मेंथा अॅक्वाटिका) आणि स्पायकाटा यांचा संकर धरतात. गुणसूत्रांचा हिशेबही तसाच लागतो, पाणपुदिन्याची ९६ आणि स्पायकाटाची ४८ यांच्या निम्म्या निम्म्याची बेरीज ७२. संकर असल्यामुळे याला बी जवळजवळ धरतच नाही आणि लागवड खोडांपासूनच करावी लागते. तिसरा जपानी पुदिना, ज्याच्या तेलात मेंथॉल साधारण ७० ते ८० टक्के असतं. तो १९५० च्या दशकात भारतात आणला गेला आणि लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या कामामुळे उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं भागात मेंथा म्हणून पसरला. आपण ज्याला पुदिन्याचं फूल म्हणतो ते मेंथॉलचे स्फटिक याच तेलातून निघतात, फुलाशी त्याचा काही संबंध नाही.

मेंथॉल वेगळं काढण्याचं श्रेय १७७१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गॉबियस या वैज्ञानिकाला देतात, जपानात ते त्याआधी माहीत होतं असंही म्हणतात. मेंथॉलने अंग थंड होत नाही, ते थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरचं टीआरपीएम८ हे प्रथिन चालू करतं आणि मेंदूला गार वाटतं. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखलं गेलं.

पोटासाठी सगळ्यात भक्कम पुरावा पेपरमिंट तेलाचा आहे. आतड्याच्या स्नायूंची पेटके त्याने सैल पडतात, म्हणून आयबीएसमध्ये (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूल देतात. पण अन्ननलिकेची खालची झडपही सैल होते, तेव्हा ज्यांना छातीत जळजळ होते त्यांचा त्रास वाढू शकतो. घरच्या पानांचा काढा गॅस, मळमळ यावर पिढ्यान्‌पिढ्या घेतात, त्याचे पुरावे मात्र तेवढे भक्कम नाहीत.

पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल (ओव्याच्या तेलातले स्फटिक) आणि कापूर एकत्र केले की घन असूनही पातळ होतात, हीच अमृतधारा, थेंबाथेंबानेच वापरायची. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर मेंथॉल अजिबात लावू नये, श्वास अडकू शकतो.