चित्र कोटींना गेलं, पण पैसे कुणाला?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय: 'चित्र लिलावात कोटींना गेलं, चित्रकार रातोरात कोट्यधीश!'

तसं सहसा होत नाही. लिलावात चित्र विकतो तो त्या वेळचा मालक, पैसेही त्याचेच. चित्रकाराला मोबदला मिळतो पहिल्या विक्रीत, बहुधा कितीतरी आधी आणि थोडका. रावेरचा शेतकरी बागेतच केळी देऊन मोकळा होतो, पुढे दिल्लीत भाव चढला तर तो त्याच्या हाती येत नाही, तसंच हे. शिवाय जाहीर आकड्यात बरेचदा लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलेलं असतं.

पडताळायचं असेल तर लिलावाचा कॅटलॉग उघडा, इंटरनेटवर बहुतेक फुकट असतो. चित्राखाली माप, माध्यम आणि मग मालकीची साखळी: चित्रकाराकडून कुणी घेतलं, पुढे कुणाकडे गेलं. नाव नसलं तरी 'खासगी संग्रह' एवढं बहुधा असतं. आधुनिक कलेचा इतिहास शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी ही दोन-चार ओळींची साखळी किमतीपेक्षा मोलाची आहे. चित्र कुठल्या गॅलरीतून कुठल्या घरात गेलं ते तिथंच कळतं.

कायद्याने चित्रकाराला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ नुसार मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांच्या वर झाली, तर त्याला किंवा वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. १९५७ च्या मूळ कायद्यात हे कलम नव्हतं, १९९४ च्या दुरुस्तीने आलं.