पास्कोची तागालोग : डिसेंबरच्या वर्गाला येण्याआधी वाचा

जहाजावर, आखातातल्या इस्पितळात किंवा फिलिपिन्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयात फिलिपिनो मंडळींसोबत राहणारी माणसं आमच्याकडे तागालोग शिकायला येतात. बहुतेकांची पहिली मागणी ठरलेली असते : "नाताळच्या शुभेच्छा कशा द्यायच्या, तेवढं सांगा."

मलिगायाङ पास्को. 'लिगाया' म्हणजे आनंद आणि 'पास्को' म्हणजे नाताळ. १५६५ ते १८९८ एवढा काळ तिथे स्पेनची सत्ता होती, त्यामुळे सणाचे निम्मे शब्द स्पॅनिश वळणाचे आहेत. नव्या वर्षासाठी म्हणायचं मानिगोङ बागोङ ताओन.

शेवटचा ङ आम्ही मुद्दाम लिहिला आहे. 'क ख ग घ' नंतर पाठ केलेलं आणि पुढे 'वाङ्मय'पुरतं उरलेलं हे अक्षर तागालोगमध्ये पावलोपावली भेटतं. 'गंगा' म्हणताना दुसरा 'ग' येण्याआधी थांबा, तोच हा आवाज. 'ङायोन' (आत्ता) या शब्दाची तर सुरुवातच त्याने होते. मराठी माणसाला तो दोन दिवसांत जमतो.

तिथे सणाची चाहूल सप्टेंबरमध्येच लागते. महिन्याच्या नावात 'बर' आलं की दुकानांतून पास्कोची गाणी वाजू लागतात. खरी लगबग असते १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत. पहाटे, अंधार असतानाच चर्चमध्ये मिसा होते. तिचं नाव सिम्बाङ गाबी. शेतकऱ्यांना कामावर जाण्याआधी प्रार्थना करता यावी म्हणून ही वेळ पडली, असं सांगतात. बाहेर पडलं की समोरच पुतो बुम्बोङ : बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा तांदूळ, केळीच्या पानावर काढून वर लोणी, ओलं खोबरं आणि गुळासारखी साखर. मोदकाचं सारण आठवेल. सोबत सालाबात, म्हणजे गरमागरम आल्याचा चहा. बिबिंग्का हे नाव ऐकून गोव्याची बेबिंका डोळ्यांपुढे आणू नका. तिथली बिबिंग्का तांदळाच्या पिठाची असते, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली, आणि तिला थर नसतात.

घरावर टांगतात तो पारोल : बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदाची चांदणी. ज्याने लहानपणी घरी आकाशकंदील केला असेल, त्याला तो कसा करायचा हे सांगावं लागणार नाही. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडोला अवाढव्य, हजारो दिव्यांचे पारोल स्पर्धेत उतरतात.

२४ तारखेच्या मध्यरात्रीचं एकत्र जेवण म्हणजे नोचे बुएना. दुसऱ्या दिवशी मुलं निनोङ-निनाङकडे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याकडे आणि धर्ममातेकडे जातात. दारात 'नमामास्को पो!' म्हटलं की हातावर आगिनाल्दो पडतो. बहुधा पैसेच.

यातला 'पो' मात्र कधीच गाळू नका. आपल्या 'अहो'चं आणि '-जी'चं काम तो एकटा करतो. वडीलधाऱ्यांसमोर वाकून, 'मानो पो' म्हणत, त्यांचा हात हळूच घेऊन आपल्या कपाळाला लावायचा. ते आशीर्वाद देतात : "काआवाआन का नाङ दियोस", देवाची तुझ्यावर कृपा असो. शुभेच्छांचा उच्चार चुकला तर लोक हसून दुरुस्त करतील, पण वाकून केलेला हा नमस्कार घरातली आजी लक्षात ठेवते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी जोड्या करून आम्ही हाच सराव घेतो. येण्याआधी घरातल्या मोठ्यांसमोर एकदा करून बघा.