हरकत ऐकते समिती, निर्णय घेते सभा

शहरात कुठे काय असेल हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यात (डीपी) आपल्या चाळीवर बागेचं आरक्षण पडलंय किंवा अंगणातून रस्ता जातोय हे कळलं, की माणूस प्रॉपर्टी कार्ड आणि भाग नकाशा घेऊन महापालिका गाठतो. हरकत नोंदवतो, सुनावणीला उभा राहतो. पण समोर बसलेली नियोजन समिती त्याला निकाल देत नाही. ती फक्त शिफारस करते; निर्णय महापालिकेची सभा घेते.

मुंबई इलाख्यातला १९१५ चा नगररचना कायदा ठरावीक भागांच्या योजनांपुरता होता. अख्ख्या शहराचा विकास आराखडा आला १९५४ च्या कायद्याने, आणि त्याची जागा घेतली १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने. त्याच्या कलम २८ प्रमाणे समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. आराखडा करणाऱ्यांनीच हरकती निकाली काढू नयेत, म्हणून तज्ज्ञांची ही बाजू फार मोलाची. हरकतदाराचं म्हणणं ऐकून घेणं समितीला बंधनकारक आहे. समितीचा अहवाल विचारात घेणं पालिकेला बंधनकारक आहे. तो मान्य करणं मात्र नाही.

हा सांधा किती कच्चा आहे ते पुण्यात दिसलं. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, पण तज्ज्ञ आणि नगरसेवक यांचं एकमत झालं नाही, शिफारशी वेगवेगळ्या गेल्या. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच ताब्यात घेतला. इतक्या लोकांनी मुदतीत, पुराव्यानिशी मांडलेलं म्हणणं लोकनिर्वाचित सभागृहात निर्णयाला आलंच नाही, हे मला आजही खटकतं.

मुंबईत फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांमुळे दोनच महिन्यांत फेरतयारीला गेला. २०१६ च्या सुधारित मसुद्यावर पुन्हा ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. समितीचा अहवाल आला आणि जुलै २०१७ च्या अखेरीस सभागृहाने आराखडा मंजूर केला.

त्यानंतरही शेवटचा शब्द राज्य सरकारचाच. मे २०१८ च्या मंजुरीत सरकारने सुचवलेले मोठे बदल 'ईपी', म्हणजे वगळलेला भाग, म्हणून बाजूला निघाले आणि त्यांवर नव्याने हरकती मागवल्या गेल्या. कलम ३१ नुसार ही सुनावणी सरकारने नेमलेला अधिकारी घेतो. तिथे ना नगरसेवक असतात, ना बाहेरचे तज्ज्ञ.