वॉशिंग्टनच्या फौजेला लस नव्हे, देवीच टोचल्या होत्या

दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक निरोप फिरत येतो. 'जॉर्ज वॉशिंग्टनने १७७७ साली सगळ्या सैन्याला लस टोचली, म्हणून अमेरिका स्वातंत्र्ययुद्ध जिंकली.' २०२१ साली अमेरिकी सैन्यात कोविडची लस सक्तीची झाली तेव्हा तर याला ऊत आला होता. निरोपाचा हेतू चांगला असेल, पण पहिलाच दावा चुकीचा आहे. एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीची लस पहिल्यांदा टोचली ती १७९६ साली. वॉशिंग्टनच्या सैनिकांच्या दंडात जे गेलं ते एखाद्या देवीच्या रोग्याच्या फोडातला ताजा पू होता. त्यात होता तो खराखुरा, धडधाकट, माणसं मारणारा विषाणू. लढाई चालू असताना एका सरसेनापतीने आपल्याच छावणीत रोग मुद्दाम शिरवला आणि त्याचं ते बरोबरही ठरलं. मला ही गोष्ट लशीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त चक्रावून टाकते.

'म्हणून जिंकली' हेही तसं सरळ नाही. फ्रेंच आरमार नसतं तर १७८१चा यॉर्कटाउनचा निर्णायक विजय झालाच नसता, पैसाही बराचसा फ्रेंचांचाच. पण १७७६ साली वॉशिंग्टनची फौज ज्या वेगाने देवीने वितळत होती तो वेग तसाच राहिला असता, तर फ्रेंचांनी मदत करायला समोर कुणी उरलं असतं का, ही शंका रास्त आहे.

आधी हे पाहू, की देवी अमेरिकी सैन्यालाच का छळत होती, इंग्रजांना का नाही. इंग्लंडच्या दाट शहरांत देवी कायम मुक्कामाला. बहुतेक पोरांना लहानपणीच ती गाठायची. मरायची ती मरत, जगायची ती जन्मभरासाठी सुरक्षित होत. म्हणजे इंग्रज शिपाई भरती व्हायचा तोच बहुधा तोंडावर वण घेऊन. अमेरिकेतली वस्ती विरळ, शेतावर शेत लांब. तिथला विशीतला शेतकरी देवीचं तोंडही न पाहता मोठा झालेला. असे हजारो तरुण एका छावणीत आणून तंबूत दाटीने झोपवले की विषाणूला याहून सोयीचं काय हवं?

वॉशिंग्टन मात्र सुरक्षित होता. १७५१ साली, एकोणिसाव्या वर्षी, आजारी सावत्र भावाबरोबर तो बार्बेडोस बेटावर गेला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका घरी जेवायचं आमंत्रण आलं. त्या घरात देवी होत्या, म्हणून मन कचरत होतं, तरी तो गेला. १७ नोव्हेंबरला ताप चढला. जेवण आणि ताप यांच्यातलं हे जवळपास दोन आठवड्यांचं अंतर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. महिनाभराने तो उठला तो वण घेऊन. पुढे सेनापती म्हणून तो रोगाकडे पुस्तकी नजरेने पाहत नव्हता, हे त्याच्या हुकमांतून जाणवतं. मार्च १७७६ मध्ये इंग्रजांनी बॉस्टन सोडलं तेव्हा शहरात देवी पसरल्या होत्या. आत पहिल्यांदा पाठवलेली माणसं त्याने निवडून काढली, ज्यांना देवी येऊन गेल्या होत्या तेवढीच.

कॅनडा जिंकायला निघालेल्या अमेरिकी मोहिमेत असं कुणी निवडलं नाही. ३१ डिसेंबर १७७५ च्या हिमवादळात क्वेबेकवरचा हल्ला फसला आणि वेढ्यात थांबलेल्या फौजेत देवी पसरल्या. मे १७७६ मध्ये तिथली सूत्रं घेतली जनरल जॉन थॉमस यांनी. ते स्वतः डॉक्टर, पण त्यांना देवी आलेल्या नव्हत्या आणि टोचूनही घेतलेल्या नव्हत्या. २ जून १७७६ रोजी माघारीच्या वाटेवर ते देवीनेच गेले.

मग टोचत का नव्हते? उपाय तर माहीत होता. बॉस्टनमध्ये १७२१ च्या साथीत सुमारे अकरा हजारांच्या शहरात ५,८८९ जणांना देवी आल्या, त्यातले ८४४ मेले. शेकडा चौदा. त्याच साथीत झॅब्डिएल बॉयलस्टन या डॉक्टराने दोनशे चाळीसच्या वर लोकांना टोचलं, त्यातले सहा गेले. शेकडा अडीच. ही कल्पना त्या शहरात रुजवली ती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने. आमच्याकडे असं करतात, हे त्याने आपला मालक, धर्मोपदेशक कॉटन मॅदर, याला सांगितलं होतं. मॅदरने ते उचलून धरलं, तर लोकांनी त्याच्या घरात बाँब फेकला.

आपल्याकडेही बंगालात टिकादार हेच करत. आधल्या वर्षीच्या फोडांतला पू कापसात जपून ठेवत आणि हाताचं कातडं खरवडून त्यावर लावत. १७६७ साली हॉलवेल या इंग्रज डॉक्टराने त्याचं तपशीलवार वर्णन छापलं. हे वाचून 'लस आमचीच' म्हणणारे जेन्नरला चोर ठरवतात. टिकादारांचं कसब थोरच, पण ते लस देत नव्हते, देवीच देत होते. आणि त्या काळी याच देशात, माहीमच्या शीतळादेवीपासून गावोगावच्या ठाण्यांपर्यंत, देवीचा कोप समजून रोग्याला औषधही न देणारे लोक होते. दोन्ही आपलेच. एकच निवडून मिरवता येत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. तोच विषाणू, तितकाच जहाल. नाकातून गेला तर माणूस मरण्याची शक्यता मोठी. विसाव्या शतकात आपल्याकडच्या लस न घेतलेल्या रोग्यांत हे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होतं. कातडीतून गेला तर शेकडा एक-दोन. दार बदललं म्हणून एवढा फरक का पडावा?

नैसर्गिक लागण श्वासातून होते. विषाणू नाका-घशाच्या ओलसर अस्तरावर उतरतो, तिथे गुपचूप वाढतो, जवळच्या लसीका गाठींत पोचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडासा रक्तात उतरतो. माणसाला पत्ताही नसतो. तो जेवतो, खातो, कवायत करतो. रक्तातून विषाणू प्लीहेत, अस्थिमज्जेत जातो आणि तिथे आठवडाभर बेसुमार वाढतो. मग दुसऱ्यांदा, या वेळी लोंढ्याने, रक्तात येतो. तेव्हा कुठे ताप येतो, बाराव्या दिवसाच्या आसपास. वॉशिंग्टनचे ते जवळपास दोन आठवडे हेच. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंगभर फोड. म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था पुरती जागी होते तेव्हा शत्रू सगळ्या अवयवांत पसरलेला असतो.

तो इतके दिवस गुपचूप कसा राहतो? देवीचा विषाणू आकाराने मोठा. त्याच्या डीएनएत सुमारे एक लाख शहाऐंशी हजार अक्षरं आणि दोनशेच्या आसपास जनुकं. यांतली कितीतरी जनुकं नवा विषाणू बनवण्याच्या कामाचीच नाहीत. ती आपल्या प्रतिकारशक्तीला फसवण्यासाठी आहेत. संसर्ग झालेली पेशी 'इंटरफेरॉन' नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. देवीचा विषाणू या इंटरफेरॉनला चिकटणारं खोटं ग्राहक प्रथिन, म्हणजे पेशीवरच्या इशारा झेलणाऱ्या प्रथिनाचं सोंग, तयार करून बाहेर सोडतो. इशारा वाटेतच गिळला जातो. रक्तात 'पूरक प्रथिनांची' एक साखळी असते, ती परक्या पृष्ठभागाला भोकं पाडते. ती साखळी तोडणारं प्रथिनही या विषाणूकडे आहे, आणि ते माणसाच्याच प्रथिनाची हुबेहूब नक्कल वाटावं असं. दाह पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या रसायनासाठी तिसरं आमिष. नाका-घशात आणि पुढे प्लीहेत विषाणूला वेळ मिळतो तो या सगळ्याच्या जोरावर.

कातडीत त्याचं हे नाटक नीट वठत नाही. चाकूने ओरखडा काढला की पेशी फुटतात आणि जखमेचे म्हणून असलेले धोक्याचे इशारे विषाणूने काही करायच्या आधीच सुटतात. शिवाय कातडीच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशींचं जाळं पसरलेलं असतं. त्यांचं कामच मुळी काही परकं दिसलं की त्याचा तुकडा तोडायचा आणि जवळच्या गाठीत जाऊन टी-पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा. म्हणजे खबर पहिल्या एक-दोन दिवसांत पोचते. टोचल्या जागी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली, मग एक फोड, मग त्याच्याभोवती छोट्या पुळ्यांचं कडं. विषाणू वेशीवरच गाठला गेलेला असतो. ताप येतो तो सातव्या-आठव्या दिवशी, म्हणजे नैसर्गिक देवीपेक्षा चार-पाच दिवस आधी, आणि अंगावर फोड उठतात ते बहुधा मोजता येतील इतके.

विसंगती दिसली ना? रोग लवकर येतो, तरी सौम्य येतो. लवकर येणं हेच शरीर लवकर जागं झाल्याचं लक्षण असावं. बहुतेक ताप हा विषाणूचा पराक्रम नसून आपल्या पेशींनी सोडलेल्या रसायनांचा असतो. टोचलेल्या माणसात प्रतिकार आणि विषाणू यांची शर्यत जवळपास बरोबरीने सुटते. नैसर्गिक रोगात विषाणूला आठवडाभराची आघाडी असते. यातला प्रत्येक दुवा प्रयोगाने पक्का करता आलेला नाही, कारण प्रतिकारशास्त्र वयात येईपर्यंत ही टोचणी जगातून जवळजवळ हद्दपार झाली होती. पण माकडं आणि उंदरांतल्या देवीसदृश विषाणूंवरचं काम याच दिशेला बोट दाखवतं. इंग्लंडच्या सटन घराण्याला १७६० च्या दशकात हे अनुभवातून कळलं होतं. त्यांनी खोल चीर सोडून नुसता वरवरचा ओरखडा काढायला सुरुवात केली आणि मृत्यू आणखी घटले. खोल गेलं की लँगरहान्स पेशींचा थरच ओलांडला जातो, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या काळचे बाकीचे डॉक्टर मात्र यश भलत्याच गोष्टींना देत. टोचण्याआधी रोग्याची 'तयारी' करायची म्हणून मांस बंद, जुलाब, रक्त काढणं आणि वर पाऱ्याची भस्मवजा औषधं. यातल्या कशाचाही फायदा नव्हता, पाऱ्याचा तर तोटाच होता. माणसं वाचत ती ओरखड्यामुळे आणि फी जाई तयारीची. आजही एखादा उपाय चालला की श्रेय सोबतच्या काढ्याला देणारे भेटतातच.

आता सेनापतीची अडचण कळेल. टोचलेला माणूस स्वतः सौम्य आजारी, पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागते ती पूर्ण जहाल देवी. शिवाय तो तीन-चार आठवडे लढायला निकामी. सगळी फौज एकदम टोचली आणि इंग्रजांना सुगावा लागला, तर संपलंच. थोडी थोडी टोचली तर टोचलेले उरलेल्यांना मारणार. म्हणूनच मे १७७६ मध्ये न्यूयॉर्कला वॉशिंग्टनचा हुकूम होता, जो अधिकारी टोचून घेईल त्याला फौजेतून काढलं जाईल. त्याच महिन्यात त्याची बायको मार्था फिलाडेल्फियात टोचून घेत होती. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला वाटतं तो हिशेब अगदी सरळ होता: घरात एक माणूस वेगळं ठेवता येतं, लढत्या छावणीत नाही.

मग आठ-नऊ महिन्यांत बदललं काय? बऱ्याच सैनिकांची मुदत १७७६ च्या डिसेंबरअखेर संपली. १७७७ च्या जानेवारीत मॉरिसटाउनच्या हिवाळी तळावर वॉशिंग्टनजवळ मूठभर फौज उरली होती, इंग्रजही थंडीमुळे मुक्कामाला बसले होते आणि नवी भरती आता तीन वर्षांची किंवा युद्ध संपेपर्यंतची होणार होती. म्हणजे टोचताना गमवायचं सर्वांत कमी आणि टोचलेला माणूस कामाला येणार सर्वांत जास्त दिवस. तरीही महिनाभर त्याचं मन मागेपुढे होत राहिलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निर्णय पक्का झाला आणि फौजेचे वैद्य विल्यम शिपेन यांना पत्र गेलं. रोग आपल्या वाटेने पसरला तर शत्रूच्या तलवारीपेक्षा त्याचीच भीती अधिक, असं त्याने त्यात लिहिलं.

बारकावा अंमलबजावणीत आहे. नवे रंगरूट छावणीत यायच्या आधीच, वाटेवरच्या ठाण्यांवर टोचायचे. का? साधं गणित करू. देवीचा एक रोगी सरासरी पाच जणांना रोग देतो असं धरा. त्या पाचांतले चार आधीच सुरक्षित असतील तर एकालाच लागण होते आणि साथ वाढत नाही. म्हणजे फौजेतले शेकडा ऐंशी सुरक्षित हवेत. दर आठवड्याला कोरे रंगरूट येऊन मिसळले तर हा आकडा घसरत राहणार. वेशीबाहेरच टोचून आत घेतलं तर तो चढतच जातो. वॉशिंग्टनकडे हे सूत्र नव्हतं, पण त्याचे हुकूम ते सूत्र माहीत असल्यासारखे आहेत.

कनेक्टिकटचा जोसेफ प्लम मार्टिन तेव्हा सोळा वर्षांचा होता. हडसन नदीकाठच्या तळावर सुमारे चारशे जणांबरोबर त्याला टोचलं. पहाऱ्याला मॅसॅच्युसेट्सचे सैनिक होते, औषधंबिषधं एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवलेली. सोळाव्या दिवशी तो दवाखान्यातून बाहेर पडला. चारशेतला एकही दगावला नव्हता. नंतर त्याला आव झाली, मग अंगभर गळवं उठली, पण देवी पुन्हा कधी आल्या नाहीत.

ज्यांना कुणी टोचलं नाही त्यांचं काय झालं, हे यॉर्कटाउनला दिसलं. इंग्रजांनी स्वातंत्र्याचं आमिष दाखवल्यावर व्हर्जिनियाच्या मळ्यांतून पळून आलेले हजारो काळे गुलाम इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर होते. जवळजवळ सगळे कोरे. देवी त्यांच्यातून वणव्यासारख्या गेल्या. १७८१ च्या वेढ्यात अन्न संपत आलं तेव्हा इंग्रजांनी त्यांना, आजाऱ्यांसकट, छावणीबाहेर हाकलून दिलं आणि दोन फौजांच्या मधल्या रानात ते मेले. बाहेर अमेरिकी फौज बरीचशी टोचलेली होती, तरी सोबतच्या नागरी पथकांतले कितीतरी जण तसे नव्हते. म्हणून वेढा सुरू होतानाच, २९ सप्टेंबरला, वॉशिंग्टनने हुकूम काढला: आसपासच्या घरांशी किंवा रहिवाशांशी कुणीही संबंध ठेवायचा नाही आणि त्यांची भांडीकुंडीही उसनी आणायची नाहीत.