नेब्युलायझर : बिघाड आणि देखभाल

द्रवरूप औषधाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते श्वासावाटे थेट फुप्फुसांत पोहोचवणारे उपकरण. सांगली-सातारा भागात याला सरसकट ‘वाफेचे मशीन’ म्हणतात; ‘बाळाला दवाखान्यात वाफ दिली’ याचा अर्थ बहुधा नेब्युलायझेशन केले असाच असतो. प्रत्यक्षात या यंत्रातून वाफ निघतच नाही. निघते ते गार धुके. पातेल्यातल्या वाफाऱ्यात पाणी उकळते, येथे काहीही तापत नाही. उलट यंत्र चालू असताना कपातले औषध हाताला गार लागते. हा फरक ध्यानात न घेतल्याने वाफाऱ्याचे मलम, निलगिरीचे तेल किंवा ओव्याचा अर्क या कपात घालण्याची चूक घडते. तेल फुप्फुसात गेले की तेथे ते विरघळत नाही आणि त्यातून न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. कपात फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणि सलाइन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी, एवढेच जावे. नळाचे पाणी नको, तसेच डिस्टिल्ड वॉटरही श्वासासाठी नको. त्यात क्षार नसल्याने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात.

अलीकडच्या वेप पेनशी, म्हणजे ई-सिगारेटशी, या यंत्राची गल्लत करू नये. वेप पेनमध्ये तारेचे वेटोळे तापवून द्रवाची वाफ करतात. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. खिशात मावणारा मेश (जाळीदार चकतीचा) नेब्युलायझर दिसायला तसाच असला तरी ते औषधोपचाराचे साधन आहे.

हाताने दाबून चालणारा, कुठेही नेता येणारा फवारा साल-जिरोन या फ्रेंच वैद्याने १८५८ मध्ये बनवला. आज घरोघरी दिसतो तो विजेवर चालणारा जेट नेब्युलायझर. यंत्राचा डबा म्हणजे हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसर. तेथून प्लास्टिकच्या नळीने हवा औषधाच्या कपात येते, कपाच्या मध्यावरील बारीक भोकातून वेगाने सुटते आणि त्या वेगामुळे दाब कमी होऊन औषध वर खेचले जाते. वर चढलेला फवारा एका छोट्या अडसरावर आपटतो. मोठे थेंब तेथेच अडून पुन्हा कपात पडतात, १ ते ५ मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक थेंब तेवढे मास्कमधून बाहेर पडतात. त्याहून मोठे थेंब घशातच बसतात, छातीपर्यंत जात नाहीत. म्हणून धुके दिसते आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ते किती बारीक आहे यावर सारे अवलंबून असते.

यंत्र खराब झाले असे वाटते तेव्हा दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, कपात असतो. त्यामुळे डबा उघडण्यापूर्वी कप उघडावा.

धुके येत नाही

मोटर नेहमीसारखी घरघरते, पण मास्कमधून काही बाहेर येत नाही, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. आधी नळी कपापासून सोडवून तिचे तोंड अंगठ्याने दाबावे. बोटाला जोराचा दाब जाणवला आणि मोटरचा आवाज बदलला, तर कॉम्प्रेसर ठीक आहे. आता कपाचे झाकण फिरवून काढावे. कपाच्या तळातून एक निमुळती दांडी वर आलेली दिसते, तिच्या टोकावर टाचणीने टोचावे एवढे भोक असते. या दांडीवर सैल बसणारी एक छोटी प्लास्टिकची टोपी असते. काही कंपन्यांच्या कपात ती झाकणालाच जोडलेली असते, काहींत सुटी. सुटी असेल तर धुताना ती हमखास मोरीत वाहून जाते किंवा भांड्याच्या साबणाच्या वाटीत राहते. ती नसली की औषध वर चढायला वाट उरत नाही. हवा नुसती बुडबुडे काढते. टोपी सापडली नाही तर दुसऱ्या कंपनीची बसवून भागत नाही, कारण दांडी आणि टोपी यांच्यातली फट केसाएवढी आणि मोजून ठेवलेली असते. कपच बदलावा.

टोपी जागेवर असूनही धुके नसेल तर भोक तुंबलेले असते. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तसेच साताऱ्यातील माण-खटाव या पट्ट्यात बोअरचे पाणी जड आहे. त्या पाण्याने कप धुऊन तसाच वाळवला की भोकाच्या कडेला पांढरा क्षार धरतो. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात कप, टोपी व झाकण अर्धा तास बुडवून ठेवावे, मग उकळून गार केलेल्या पाण्याने नीट खळबळावे. सुई, टाचणी किंवा झाडूची काडी भोकात घालू नये. भोक किंचित जरी मोठे झाले तरी थेंब मोठे पडतात. यंत्र ‘दुरुस्त’ झाल्यासारखे दिसते आणि औषध मात्र छातीत पोहोचत नाही.

कप तिरपा धरल्यानेही धुके थांबते. झोपलेल्या मुलाला मास्क लावताना कप आडवा होतो, औषध दांडीच्या तळापासून सरकते आणि फवारा तुटतो. मूल मांडीवर टेकवून बसते करावे, कप उभाच राहील असे पाहावे.

धुके येते, पण फार वेळ लागतो

सर्वसाधारणपणे २.५ ते ३ मिलिलिटर औषध संपायला ५ ते १० मिनिटे पुरतात. वीस मिनिटे लागत असतील तर कुठेतरी हवा कमी पडते आहे. बहुतेक कप मिनिटाला ६ ते ८ लिटर हवेच्या हिशेबाने बनवलेले असतात. नवा कप आणला की त्यात ३ मिलिलिटर सलाइन घालून किती मिनिटांत औषध संपत आल्याची फुरफुर सुरू होते ते घड्याळ लावून पाहावे आणि यंत्रावर चिकटपट्टीने लिहून ठेवावे. पुढे हाच वेळ दीडपट झाला की कप बदलण्याची वेळ आली असे समजावे. ही साधी नोंद कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा उपयोगी पडते.

वेळ वाढला की पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. डब्यावर नाण्याएवढे किंवा त्याहून लहान झाकण असते, त्यामागे पांढरी फेल्टची किंवा स्पंजची चकती असते. पाचट पेटवण्याच्या दिवसांत, कारखान्याच्या गळीत हंगामात, हळद पॉलिशच्या धुळीत किंवा बेदाण्याच्या शेडजवळ ही चकती भराभर काळपट-पिवळी होते. रंग बदलला की नवी घालावी. पुस्तिकेत स्पष्ट लिहिल्याशिवाय धुऊ नये, ओली चकती हवा अडवते. चकतीऐवजी कापसाचा बोळा खुपसणे चूक आहे, त्याचे तंतू आत ओढले जातात. चकतीशिवाय यंत्र चालवणे तर त्याहून वाईट.

दुसरा संशय नळीवर. तिचे टोक दरवेळी ओढून काढल्याने सैल होते आणि जोडावर फुसफुस ऐकू येते. टोकाचा सेंटिमीटरभर भाग ब्लेडने सरळ कापला की ती पुन्हा घट्ट बसते. नळी पिवळी किंवा कडक झाली असेल किंवा तिच्या आत काळे ठिपके, म्हणजे बहुधा बुरशी, दिसत असतील तर ती निकामी समजावी. धुण्याच्या फंदात न पडता फेकून द्यावी.

शेवटी कपात थोडे औषध उरतेच. अर्धा ते एक मिलिलिटर, काही कपांत त्याहूनही जास्त. फुरफुर सुरू झाल्यावर कपाला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात, कडेचे थेंब खाली येतात. त्यानंतरही फुरफुरच राहिली तर थांबावे. डॉक्टर २.५ मिलिलिटरच्या कुपीत मिलिलिटरभर सलाइन मिसळायला सांगतात ते याच कारणासाठी: उरणाऱ्या थेंबांत औषधाचे प्रमाण कमी राहते.

यंत्र सुरूच होत नाही किंवा मध्येच थांबते

प्लग, सॉकेट, वायर आणि फ्यूज असेल तर फ्यूज हे क्रमाने पाहावे. मध्येच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारे यंत्र बहुधा बिघडलेले नसते. यंत्र जास्त तापले की आतला स्विच वीज तोडतो आणि गार झाल्यावर पुन्हा जोडतो. घरगुती कॉम्प्रेसर सलग चालवण्यासाठी नसतात. अनेकांवर ‘३० मिनिटे चालू, ३० मिनिटे बंद’ असे छापलेले असते. गादीवर, दुलईवर ठेवल्यास तळाच्या जाळ्या बुजतात आणि तो आणखी लवकर तापतो. पाटावर किंवा टेबलावर ठेवावा.

वीज गेली की गावात इन्व्हर्टरवर यंत्र लावतात. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर वेगळाच गुणगुणतो, लवकर तापतो आणि दाबही कमी देतो. साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा) इन्व्हर्टर असेल तर ही अडचण येत नाही.

आवाज मोठा झाला, दाब पडला आणि फिल्टर-नळी-कप बदलूनही फरक नाही, तर आतले सील झिजलेले असते. ते काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. एक गोष्ट मात्र कारागिरालाही बजावून सांगावी: या कॉम्प्रेसरमध्ये तेल घालायचे नसते. शिलाई मशीनचे दोन थेंब टाकले तरी ते तेल धुक्याबरोबर रुग्णाच्या फुप्फुसात जाते.

स्वच्छता

प्रत्येक वापरानंतर उरलेले औषध टाकून कप, टोपी, झाकण आणि मास्क स्वच्छ पाण्याने खळबळावेत. दिवसाअखेर कोमट पाणी आणि भांड्याचा सौम्य साबण यांनी धुवावे. पुस्तिकेत परवानगी असेल तर कप पाण्यात ५ मिनिटे उकळावा. सगळे प्लास्टिक उकळायला चालत नाही. दवाखान्यातून एकदाच वापरायचे म्हणून मिळालेले मऊ कप उकळल्यावर वाकतात आणि मास्क आकसतो. व्हिनेगर क्षार काढण्यासाठी चांगले, पण जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नये. नळी आतून धुवायची नसते. आत दव दिसले तर कप काढून नुसती नळी लावून यंत्र दोन-तीन मिनिटे चालवावे, ती कोरडी होते.

धुतलेले सुटे भाग फडक्याने पुसण्यापेक्षा स्वच्छ कागदावर पसरून हवेत वाळवावेत. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात चार-चार दिवस काही वाळत नाही. तेथे धुतलेला कप नळीला जोडून यंत्राच्याच हवेने एक-दोन मिनिटे फुंकून घ्यावा, मग झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओला कप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकणे हे जंतू वाढवण्याचे खात्रीचे साधन आहे. एकाचा कप दुसऱ्याला, अगदी सख्ख्या भावंडालाही देऊ नये. डबा एक चालेल, कप-मास्क ज्याचा त्याचा.

मास्क गालांना टेकलेला हवा. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर बोटभर अंतरावर धरल्यास औषधाचा मोठा भाग खोलीत जातो. मोठ्या माणसाने शक्यतो माउथपीस (तोंडात धरायची नळी) वापरावा. इप्राट्रोपियम या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे धुके मास्कच्या कडेने डोळ्यात गेल्यास काचबिंदूच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारे स्टेरॉइड) घेतल्यानंतर चूळ भरून तोंड धुवावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

मेश आणि अल्ट्रासॉनिक यंत्रे

मेश नेब्युलायझरमध्ये हजारो सूक्ष्म छिद्रांची पातळ चकती थरथरते आणि औषध त्यातून पाझरून धुके होते. आवाज जवळपास नाही, बॅटरीवर चालतो, पण चकती अतिशय नाजूक असते. इअरबड, ब्रश, बोट काहीही तिला लावू नये. धुके पातळ झाले तर आधी यंत्र किंचित हलवावे. चकतीवर हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो. प्रत्येक वापरानंतर औषध काढून थोडे डिस्टिल्ड पाणी घालावे आणि मिनिट-दोन मिनिटे ते हवेत उडू द्यावे, श्वासात घेऊ नये. चकती बसते तेथील धातूचे संपर्कबिंदू ओले किंवा मळलेले असले तर दिवा लागतो आणि धुके येत नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. सेलवर चालणारे यंत्र महिनाभर वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावेत. चार्जिंगची बॅटरी फुगली असेल तर ते यंत्र चार्जिंगला लावू नये.

अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुके करणाऱ्या) यंत्रात ब्युडेसोनाइडसारखे निलंबन-रूप, म्हणजे पाण्यात न विरघळता कणांनी तरंगणारे, औषध नीट उडत नाही, पाणी उडते आणि औषध तळाशी राहते. विकत घेतानाच औषधाचे नाव दुकानदाराला सांगावे.

यंत्र ऐनवेळी बंद पडले तर

धाप लागलेला माणूस समोर असताना स्क्रू ड्रायव्हर हाती घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिलेला सालब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणारा) पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे) घरात असावाच. दम्याच्या बहुतेक झटक्यांत पंप-स्पेसर नेब्युलायझरइतकेच काम करतो, त्याला वीजही लागत नाही. एक वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा मूल दूध ओढेनासे झाले असेल, तर पंप देत-देतच १०८ ला फोन करावा. आधी चार-सहा तासांनी एकदा लागणारे औषध आता त्याआधीच पुन्हा लागू लागले, तर ते यंत्राचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे. अशा वेळी घरी मात्रा वाढवत बसू नये.

कृष्णेच्या पुरात भिजलेली यंत्रे ही सांगलीची खास अडचण. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी घराघरांत शिरले होते. पुराच्या पाण्यात बुडालेला डबा उन्हात वाळवून सुरू करू नये. कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये गाळ आणि मैलापाणी राहते, विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो आणि यंत्र चालले तरी तीच हवा श्वासात जाते. कप, नळी, मास्क आणि फिल्टर टाकून द्यावेत. डबाही शक्यतो बदलावा.