सोमाली झोतवारा
नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात (जून ते सप्टेंबर) पश्चिम हिंदी महासागरावर, सुमारे १ ते १.५ किमी. उंचीवर वाहणारा अरुंद, वेगवान वायुप्रवाह. दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाला अडून उत्तरेकडे वळतात, केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि सोमालियावरून अरबी समुद्रमार्गे भारताकडे येतात. हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून तो ‘फिंडलेटर झोत’ या नावानेही ओळखला जातो. मात्र आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतील निरीक्षणांवरून संशोधक बंकर यांनी १९६५ मध्येच या वाऱ्यांची नोंद केली होती. त्या आधीच्या नोंदीचा उल्लेख आवश्यक आहे.

झोताच्या रेट्याने किनाऱ्याचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि खालचे थंड, पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते. सोमालियातील रास हाफूनजवळ ऐन मोसमात समुद्रपृष्ठाचे तापमान २०° से.च्या खाली उतरू शकते. सोमाली सागरी प्रवाहाची दिशाही ऋतूनुसार उलटते. त्यातील ‘महाभोवरा’ (सु. ५°–१०° उ.) केवळ स्थानिक वाऱ्याने निर्माण होतो, असे मानले जाई, पण वारा जोर धरण्याआधीच तो दिसू लागतो. त्यामुळे पूर्वेकडून येणाऱ्या सागरी रॉस्बी तरंगांना (पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे समुद्रात निर्माण होणाऱ्या, पश्चिमेकडे सरकणाऱ्या मंद, विशाल लाटांना) त्याचे प्रारंभिक कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतावरील पावसाचे बाष्प मुख्यतः कुठून येते, हा जुना वाद. हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या मते (१९६५) अरबी समुद्रावरील बाष्पीभवन हाच प्रमुख स्रोत. साहा (१९७०) आणि पुढे साहा व बावडेकर (१९७३) यांनी विषुववृत्तापलीकडून येणारे बाष्प अधिक असल्याचे दाखवले. झोताचा गाभा अरुंद असल्याने विरळ निरीक्षणांतून तो निसटणे आणि विषुववृत्त ओलांडणारे बाष्प कमी मोजले जाणे सहज शक्य होते. म्हणून दुसरे मत ग्राह्य धरावे. तरीही अरबी समुद्राचा वाटा दुर्लक्षणीय नाही.

मे महिन्यात ३०° से.च्या आसपास तापलेला अरबी समुद्र बाष्पीभवन, वाऱ्याने होणारी घुसळण व वर आलेले थंड पाणी यांमुळे ऐन पावसाळ्यात निवतो. नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर असल्याने बंगालचा उपसागर तितका निवत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही, विशेषतः केरळ–कर्नाटकात, खालचे पाणी वर सरकते; पण पावसाच्या गोड्या पाण्याचा थर त्यावर बसतो आणि किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळावर (खंडमंचावर) प्राणवायूची तीव्र टंचाई उद्भवते. कोकणासमोर खालचे पाणी वर येण्याची क्रिया क्षीण असते.